सबील : वाळवंटाच्या काठावरची चार शहरं

अरबीत 'सबील' म्हणजे वाट. पुढे या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. वाटसरूला फुकट पाणी पाजण्याची जागा, म्हणजे मराठीतली पाणपोई, तिला उर्दूत सबील म्हणतात. ज्या मुलखात हा शब्द जन्मला, तिथे पाण्याशिवाय वाटेला अर्थच नव्हता. जकात कुणाला द्यावी हे सांगताना कुरआनात आठ प्रकारचे हक्कदार नोंदवले आहेत. त्यांतला एक आहे 'इब्नुस्सबील', शब्दशः 'वाटेचा लेक', म्हणजे मुसाफिर. रमजानमध्ये मुसाफिराला रोजा न धरण्याची सवलत आहे, सुटलेले रोजे त्यानं पुढे पूर्ण करायचे असतात. तहान म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसांनी घडवलेले हे नियम आहेत.

भारतीय उपखंडात ही तहान ज्यांच्या रस्त्यांत, घरांत आणि गाण्यांत मुरली आहे, अशी काही छोटी शहरं थरच्या वाळवंटाच्या आणि कच्छच्या रणाच्या कडेनं वसलेली आहेत. बिकानेर, जैसलमेर, सीमेपलीकडचं उमरकोट आणि दक्षिणेला भूज. आज त्यांच्यातलं एक पाकिस्तानात आहे, दोन राजस्थानात आणि एक गुजरातमध्ये. भाषा बदलतात, दगडाचा रंग बदलतो, झेंडा बदलतो. तरी एका शहरातून दुसऱ्यात जाणाऱ्याला सारखी जाणीव होत राहते की हे वातावरण त्यानं आधी कुठंतरी अनुभवलं आहे. दुपारी रस्ते ओस, संध्याकाळी सगळं गाव बाहेर. जाड भिंती, अरुंद बोळ, दगडाच्या जाळ्या. अनोळखी माणूस दिसला की आधी पाणी, मग विचारपूस.

पाट्यावरची रात्र

बिकानेर राव बिकानं १४८८ मध्ये वसवलं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास शहर आपला स्थापना दिवस साजरा करतं आणि भर उन्हाळ्यात आभाळ पतंगांनी भरून जातं. लाल दगडाच्या हवेल्या, जुनागढ किल्ला आणि आता देशभर पोचलेली भुजिया, एवढी ओळख बहुतेकांना असते. जुन्या बिकानेरची खरी ओळख मात्र चौकाचौकांत ठेवलेले लाकडी पाटे ही आहे. पाटा म्हणजे आठ-दहा माणसं ऐसपैस बसतील असा मोठा चौरंगच. दिवसभर तो रिकामा असतो. ऊन उतरलं की त्यावर माणसं येऊन बसतात आणि मध्यरात्रीपर्यंत राजकारण, पंचांग, लग्नं, भाव आणि उखाळ्यापाखाळ्या चालतात. वाळवंटात रात्र हाच माणसांत मिसळण्याचा वेळ असतो. रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजनंतर मुस्लिम मोहल्ले जागे असतात, त्याच वेळी शेजारच्या चौकातले पाटेही भरलेले असतात. एरवी इतर गावांना रमजानपुरतं जागं राहावं लागतं. बिकानेरला ती सवय बारमाही आहे.

जुनागढच्या महालांतली सोनेरी नक्षी उस्ता घराण्यांतल्या मुस्लिम कलावंतांची आहे. बिकानेरच्या राजांनी त्यांच्या पूर्वजांना आश्रय दिला आणि ते इथलेच झाले. भिंती संपल्यावर त्यांनी उंटाच्या कातड्याच्या कुप्प्यांवर तीच उठावाची सोनेरी कारागिरी केली. या कलेतले नामवंत हिसामुद्दीन उस्ता यांना १९८६ मध्ये पद्मश्री मिळाली. कातड्याची कुप्पी हे मुळात प्रवासातलं भांडं. वाळवंटातल्या माणसानं सोन्यानं मढवायला निवडलं तेही वाटेवरचंच सामान.

सोन्याचा किल्ला आणि गळका नळ

बिकानेरहून नैर्ऋत्येला निघालं की दगड लालाचा पिवळा होतो. रावळ जैसल या भाटी राजपुतानं ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर जैसलमेरचा किल्ला उभारला. सत्यजित राय यांच्या 'सोनार केल्ला' या १९७४ च्या चित्रपटानं तो बंगाली घराघरांत पोचवला, २०१३ मध्ये राजस्थानातल्या इतर डोंगरी किल्ल्यांसोबत तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. पण हा किल्ला नुसता बघायचा नाही. आत अजूनही काही हजार माणसं राहतात, देवळांत घंटा वाजतात, बोळात गायी बसतात, दोरीवर कपडे वाळत असतात.

हे शहर पैशावर नव्हे, वाटेवर वाढलं. सिंध आणि मुलतानकडे जाणारे तांडे इथे थांबत. रेशीम, अफू, सुकामेवा, जर यांच्या व्यापारावर जकात मिळे, आणि त्यातूनच पटवा सावकारांच्या पाच हवेल्या उभ्या राहिल्या. पुढे मुंबई बंदर वाढलं, माल आगबोटीनं आणि रेल्वेनं जाऊ लागला, तसे उंटांचे तांडे कमी होत गेले. मुंबईची भरभराट आणि जैसलमेरची उतरती कळा या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. जैसलमेरच्या भाटियांचेच भाईबंद समजले जाणारे कच्छी भाटिया व्यापारी मुंबईच्या बाजारपेठेत मोठे झाले, हेही त्यातलंच.

गावात दिवाण नथमल यांची हवेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाथी आणि लालू या दोन मुस्लिम भावांनी ती कोरली. एकानं डावी बाजू घेतली, दुसऱ्यानं उजवी. लांबून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. जवळ गेल्यावर कळतं की फुलं, वेली, खिडक्यांच्या कमानी वेगळ्या आहेत, पण तोल कुठेही ढळलेला नाही. मार्गदर्शक पर्यटकांना फरक शोधायला लावतात आणि लहान मुलं त्यात रमतात.

शहराचं पाणी गडीसर तलावातून येई. चौदाव्या शतकात महारावळ गडसीनं तो बांधून घेतला आणि कितीतरी पिढ्या त्याच्यावर जगल्या. तलावाच्या वाटेवर एक देखणी वेस आहे, टीलों की पोल. टीलो नावाच्या गणिकेनं ती बांधली, राजघराण्यातल्या स्त्रियांना तिच्याखालून पाण्याला जाणं कमीपणाचं वाटलं, तेव्हा टीलोनं वेशीवर कृष्णाचं देऊळ उभारलं आणि मग ती पाडायची कुणाची हिंमत झाली नाही, अशी गोष्ट सांगतात. पाण्याच्या वाटेवर राणी आणि गणिका एकाच कमानीखालून गेल्या, हा तिचा मतलब.

आता गंमत अशी की, आठ शतकं पाणीटंचाईत टिकलेल्या किल्ल्याला पाण्याच्या सुबत्तेनं धोका निर्माण केला. घरोघर नळ आले, पर्यटकांसाठी हॉटेलं आणि न्हाणीघरं झाली. सांडपाण्याची गळती टेकडीच्या ठिसूळ थरांत मुरू लागली आणि बुरूज, भिंती खचल्याच्या घटना घडल्या. जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत किल्ल्याचं नाव आलं, दुरुस्तीही झाली. पण प्रश्न मिटलेला नाही. घागरीनं आणलेलं पाणी माणूस जपून सांडतो, नळाचं पाणी सांडलेलं त्याला दिसत नाही.

पाण्याचा हिशेब

जैसलमेर जिल्ह्यात वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरच्या आतच पाऊस पडतो. तेवढ्यावर माणसं कशी जगली, हे अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' या पुस्तकात तपशिलानं मांडलं आहे. या लोकांनी पाण्याचे तीन प्रकार मानले. आभाळातून थेट मिळणारं ते पालर, खोल विहिरीतलं ते पाताळ, आणि या दोहोंमधलं रेजाणी. काही भागांत वाळूखाली खडीया मातीचा किंवा जिप्समचा पट्टा असतो. तो पावसाचं मुरलेलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. तिथे माणूस जेमतेम मावेल एवढी अरुंद कुईं खणायची. वाळूतला ओलावा थेंबाथेंबानं तिच्यात झिरपतो आणि दिवसाकाठी दोन-तीन घागरी पाणी मिळतं. कुईं ज्याच्या मालकीची असे त्यानंही ती मनाला येईल तशी खणायची नाही, कारण खालचा ओलावा साऱ्या गावाचा. मालकी खाजगी, पण तिच्यावर गावाचा अंकुश.

पालीवाल ब्राह्मणांनी याच भागात खडीन बांधली. उतारावरून वाहून येणारं पाणी बांध घालून सखल शेतात अडवायचं, ते मुरलं की ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. या पालीवालांची कुलधरासारखी गावं एकोणिसाव्या शतकात ओस पडली. लोककथा त्याचा दोष सालिमसिंह या जुलमी दिवाणाला देते. अभ्यासक करांच्या बोजाबरोबर आटत गेलेल्या पाण्याकडेही बोट दाखवतात. छप्पर नसलेल्या त्या घरांतून फिरताना एक गोष्ट लक्षात येते. पाणी आणि राज्यकारभार यांतलं एक जरी बिघडलं तर वाळवंटातलं शहर फार काळ तग धरत नाही.

स्वयंपाकातही हाच हिशेब आहे. केर, सांगरी, कुमट, गुंदा आणि आमचूर या पाच सुक्या वस्तूंची पंचकुटा भाजी प्रवासात दिवसेंदिवस टिकते. सोबत बाजरीची भाकरी आणि ताक. इफ्तारच्या ताटात खजूर सगळीकडेच असतो, पण त्यामागून येणारं जेवण त्या त्या मातीचं असतं.

गाणं कुणाचं, यजमान कोण

जैसलमेर-बाडमेरच्या वाळूत जन्मलेले मांगणियार गायक मुस्लिम आहेत आणि त्यांचे परंपरागत यजमान प्रामुख्यानं हिंदू राजपूत. यजमानाच्या घरी मूल जन्मलं, लग्न ठरलं की मांगणियार येऊन गातो. त्यांच्या गाण्यांत कृष्णही असतो आणि पीरही. कमायचा हे त्यांचं तंतुवाद्य. त्याचे थोर वादक साकर खान यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचेच शेजारी लंगा गायक सिंधी सिपाही मुसलमानांच्या घरी गातात, त्यांचं वाद्य सारंगी.

हे नातं गोड आहे तसंच विषमही आहे. मांगणियाराचं गाणं हवं असतं, पण त्याची बैठक पंगतीत नसते. २०१७ मध्ये जैसलमेर जिल्ह्यातल्या एका गावात मांगणियार गायकाचा खून झाला आणि त्याच्या बिरादरीतल्या अनेक कुटुंबांना गाव सोडावं लागलं. पर्यटकांच्या रात्रीच्या कार्यक्रमात हे कुणी सांगत नाही. या शहरांतला सलोखा खरा आहे. तो आपोआप टिकत नाही, एवढंच या घटनेनं पुन्हा दाखवून दिलं.

रूळ इथे, गाव तिथे

बाडमेरहून पश्चिमेला जाणारी रेल्वे कधीकाळी सिंधमधल्या हैदराबादला जात असे. १९४७ नंतर याच वाटेनं सिंधी हिंदू जोधपूरकडे आले आणि भारतातले हजारो मुसलमान खोखरापारमार्गे सिंधमध्ये गेले. फाळणीनं काय केलं याचा नमुना गडरा या गावात दिसतो. गडरा गाव पाकिस्तानात राहिलं, त्याचं रेल्वे स्टेशन 'गडरा रोड' भारतात. १९६५ च्या युद्धात ही गाडी बंद पडली. या पट्ट्यात रूळ सांभाळताना प्राण गमावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचं स्मारक गडरा रोडला आहे.

तब्बल ४१ वर्षांनी, १८ फेब्रुवारी २००६ रोजी थर एक्स्प्रेस सुरू झाली. मुनाबाव आणि खोखरापारमधून ती आठवड्यातून एकदा सीमा ओलांडे. डब्यांत व्यापारी थोडे आणि नातेवाईक जास्त असत. माहेरी निघालेल्या बायका, नातवंडं बघायला जाणारे म्हातारे, लग्नाचं सामान. सिंधमधल्या सोढा राजपुतांना आपल्याच कुळात लग्न करता येत नाही, त्यामुळे त्यांच्या सोयरिकी पिढ्यान् पिढ्या राजस्थान आणि गुजरातमध्ये होत आल्या आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये गाडी पुन्हा थांबली. जैसलमेर ते उमरकोट अंतर सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर. मुंबईहून नाशिकला जाऊन थोडं पुढे जावं इतकंच. तरीही भारतीय पर्यटकाला उमरकोट पुस्तकांतून आणि छायाचित्रांतूनच पाहावं लागतं.

त्या उमरकोटचा इतिहास मात्र इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला एका ओळीनं माहीत असतो. १५ ऑक्टोबर १५४२ रोजी अकबराचा जन्म तिथे झाला. शेरशहाकडून हरलेला हुमायून गरोदर हमीदा बानूला घेऊन हे वाळवंट तुडवत होता. विहिरींवर झालेल्या झुंबडी, तहानेनं मेलेली माणसं आणि जनावरं यांचं वर्णन जौहर नावाच्या सेवकानं लिहून ठेवलं आहे. त्याचं पद होतं आफ्ताबची, म्हणजे बादशहाच्या हातावर पाणी घालणारा. अशा स्थितीत उमरकोटच्या सोढा राजपूत राण्यानं या परागंदा बादशहाला आसरा दिला. मुलगा झाल्याची खबर आली तेव्हा हुमायून शहरापासून काही अंतरावर तळ देऊन होता. वाटायला जवळ काही नव्हतं. कस्तुरीची एक गोटी होती, ती फोडून त्यानं सोबतच्या सरदारांना वाटली. हिंदू राण्याच्या किल्ल्यात मुघल वारस जन्मला, यात त्या काळी कुणाला विशेष नवल वाटल्याचं दिसत नाही. दारात आलेला माणूस मुसाफिर होता, एवढं पुरेसं होतं.

सिंधी संतकवी शाह अब्दुल लतीफ यांनी अमर केलेली मारुईची कथाही याच किल्ल्यातली. राजा उमरनं कोंडून ठेवलेली ही खेड्यातली मुलगी रेशमी वस्त्रं नाकारते आणि आपल्या माणसांची, आपल्या विहिरीची आठवण काढते. कच्छच्या बन्नी भागात आजही शाह लतीफ यांच्या रचना गायल्या जातात. गाण्याला व्हिसा लागत नाही, पण ते गाणाऱ्यांना लागतो.

उमरकोटमध्ये आजही हिंदूंची वस्ती मोठी आहे. जवळच्याच मिठी शहरात मुस्लिम शेजारी गोवध टाळतात आणि रमजानमध्ये हिंदू कुटुंबं रोजेदारांसाठी इफ्तारची सोय करतात, हे पाकिस्तानी वर्तमानपत्रांनी वेळोवेळी कौतुकानं छापलं आहे. त्याच थरपारकर जिल्ह्यातल्या दुष्काळाच्या आणि दगावलेल्या बाळांच्या बातम्याही त्याच वर्तमानपत्रांत येतात.

रमजानच्या संध्याकाळी या सीमेची एक वेगळीच गंमत अनुभवाला येते. जैसलमेरनंतर चार-पाच मिनिटांतच उमरकोटला सूर्य बुडतो. पण पाकिस्तानचं घड्याळ अर्धा तास मागे आहे. सूर्य एकच, तहान एकच, रोजा सोडण्याची वेळ घड्याळात वेगळी. चंद्रही एकच, पण तो दिसल्याची घोषणा दोन्हीकडे वेगळी होते. म्हणून कधी कधी दोनशे किलोमीटरवरच्या भावंडांची ईद एका दिवसानं मागेपुढे होते.

तलाव भरला की सुट्टी

रणाच्या दक्षिणेला भूज. सोळाव्या शतकात जाडेजा राजांनी ते राजधानीचं शहर केलं. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी भूकंपात जुनं शहर जवळपास बसलं, हजारो माणसं गेली. आईना महालाची मोठी पडझड झाली. शहर पुन्हा बांधलं तेव्हा रस्ते रुंद झाले आणि बोळ गेले. वाळवंटी गावातले बोळ सावलीसाठी असतात. ते गेले की दुपारची सावलीही जाते, हे भूजच्या जुन्या रहिवाशांकडून ऐकायला मिळतं.

भूकंपानं पाणीही बदललं. धमडका गावातले खत्री मुसलमान पिढ्यान् पिढ्या अजरख छापत आले आहेत. निळ्या-लाल भौमितिक नक्षीचं हे कापड सिंधमधून कच्छमध्ये आलं. भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं आणि नैसर्गिक रंग बिघडू लागले. अनेक खत्री कुटुंबांनी भूजजवळ नवं गाव वसवलं, त्याचं नाव अजरखपूर. धंदा वाचवण्यासाठी ते पाण्यामागे गेले. हे कापड विणलेलं, धुतलेलं आणि नेसलेलं असतं वेगवेगळ्या जातीधर्मांच्या माणसांनी.

कच्छमध्ये मेकण दादांची गोष्ट प्रत्येकाला ठाऊक आहे. रणात वाट चुकलेल्यांना पाणी पोचवण्यासाठी या साधूनं लालियो नावाचं गाढव आणि मोतियो नावाचा कुत्रा पाळला होता. कुत्रा तहानलेला माणूस हुंगून काढी आणि गाढवाच्या पाठीवरच्या घागरी त्याच्यापर्यंत नेत. ध्रंगच्या त्यांच्या स्थानावर आजही लोक जातात. तसंच रणाच्या काठावरच्या हाजी पीरच्या दर्ग्यावर हिंदूही जातात. पाणी देणाऱ्याची जात या मुलखानं कधी लक्षात ठेवली नाही. त्याच्या गाढवाचं नाव मात्र ठेवलं.

आणि भूजच्या मधोमध हमीरसर तलाव आहे. तो पावसाळ्यात भरून वाहू लागला की शहराला सुट्टी मिळते. वाजतगाजत पाण्याचं स्वागत होतं, मेघलाडूंचं जेवण होतं. गेल्या काही दशकांत नर्मदेचं पाणी कच्छला आणि इंदिरा गांधी कालव्याचं पाणी जैसलमेर-बिकानेरच्या वाळूत पोचलं आहे. बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली, हे मोठंच भलं झालं. पण नळाचं पाणी आलं तसे तलावाकडे येणारे ओढे बुजत गेले, घरातली टाकी कोरडी पडू दिली गेली, अशी शहरंही वाढत आहेत. पाणी घरात आल्यावर शेजाऱ्याची गरज कमी होते. गरज कमी झाली की ओळखही कमी होते. चारही शहरांपुढचा खरा प्रश्न हाच आहे. टंचाईनं शिकवलेली माणुसकी सुबत्तेत टिकवायची कशी?

या शहरांना भेट द्यायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. रमजान सोयीच्या महिन्यांत आला तर संध्याकाळ चुकवू नये. जाताना पाण्याची बाटली घ्यावी, पण एखाद्या प्याऊवर, मशिदीबाहेरच्या सबीलवर किंवा दुकानासमोरच्या मटक्यावर थांबून ओंजळीनं पाणी प्यावं. पाजणारा नाव विचारेल, गाव विचारेल. महाराष्ट्र म्हटल्यावर तो बहुधा मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाचा किंवा बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता सांगेल. कच्छमध्ये असेल तर दाबेलीवरून चिडवेल, कारण आपल्याकडच्या प्रत्येक नाक्यावर मिळणारी ही वस्तू मांडवीची, याचा त्याला अभिमान असतो. आणि पैसे देऊ केले तर तो हात मागे घेईल. पाण्याचे पैसे घेत नाहीत, असं तो म्हणेल.